तोंड फिरवलं की

३ जून

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझी सारखी घाई, म्हणून पत्र लिहितेय. मी तुमच्याकडून गावी सुखरूप पोहोचले, पण घर खायला उठतं. काल नातवाचं, गोटूचं, रडणं ऐकू आल्यासारखं वाटलं, उठून दूध तापत ठेवलं. ते उतू गेलं तेव्हा कळलं, इथे मूल नाहीच. तो वाटी संपवतो ना? तोंड फिरवलं तर मोबाइलवर गाणं लाव आणि चमचा सरकव. हे काम तुझ्या नवऱ्यावर सोपवू नकोस, तो वाटी स्वतःच संपवेल!

बापलेक दोघांवर माया आहेच.
तुझी सासू

११ जून

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

शिवणखान्यातल्या कामावरून आल्या आल्या लिहितेय. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी काल गोटूचं वजन केलं. फार झपाट्यानं वाढतंय म्हणाल्या. भूक लागली की द्या, तोंड फिरवलं की थांबा. प्रत्येक रडणं भुकेचं नसतं. मोबाइल समोर असला की पोट भरल्याचं त्याला कळतच नाही, असंही म्हणाल्या. आई, राग मानू नका. पण त्यानं तोंड फिरवलं की तुमचा चेहरा पांढराफटक का पडायचा? यांना विचारलं, तर म्हणाले, आई पहिल्यापासून अशीच, मलाही कोंबून भरवायची.

लोभ आटू देऊ नका.
तुमची सून

१९ जून

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

आधी राग आला, मग रडू. तुझ्या नवऱ्याआधी मला मुलगी झाली होती. तापात तिनं दुधावरून तोंड फिरवलं, ते पुन्हा माझ्याकडे वळलं नाही. सासूबाई म्हणाल्या, गेलेल्याचं नाव काढायचं नाही, पुढचं बघ. मी पुढचं बघितलं, पण ती मागेच उभी राहिली. गोटूनं मान वळवली की तिचीच मान दिसते. चमचा त्याच्या तोंडात जायचा, पण भरवत मी तिलाच होते.

हे नवऱ्याला दाखवू नकोस.
तुझी सासू

२७ जून

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

दाखवलं. क्षमा करा. हे कितीतरी वेळ गोटूला पोटाशी धरून बसले. मग म्हणाले, मला ताई होती. आई तिला काय हाक मारायची, विचार.

नर्सबाईंना मी पुन्हा भेटले. आजारी मूल मलूल होऊन तोंड फिरवतं, त्याला लगेच डॉक्टरकडे न्यायचं. पोट भरलेलं मूल तोंड फिरवतं आणि खेळायला लागतं, असं त्यांनी समजावलं. हा फरक आपण मिळून शिकू. तुम्ही या.

तुमची सून

२ जुलै

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

मनी म्हणायचे मी तिला. आज रिकाम्या घरात मोठ्यानं हाक मारली. ओ कुणी दिली नाही, पण भीतीही वाटली नाही.

शनिवारी येते. गोटूला भरवताना शेजारी बस. त्यानं तोंड फिरवलं की चमचा खाली ठेवीन. नाही ठेववला, तर माझा हात धर.

तुझी आई