मंजुश्री उर्फ दानम्मा

मी, चंद्रप्रभा अवधूत देगलूरकर, वय सत्तर, गणिताची निवृत्त प्राध्यापिका, राहणार लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; असता तरी मी जुमानला नसता.

१. नांदेडच्या कॉलेजात आणि पुढे लातूरच्या माझ्या क्लासमध्ये मी डेटाबेस शिकवला. त्यातल्या तक्त्यांना व रकान्यांना नावे देण्याचे माझे नियम भिंतीवर चौकटीत आहेत. एका गोष्टीला एकच नाव. नाव एकवचनी: 'पुस्तक', 'पुस्तके' नव्हे. सुरुवात आकड्याने नको. नावात 'नवीन', 'तात्पुरते' नको. तात्पुरते तेच कायम राहते. ही चौकट भाचा आलोक यास. त्याच्या क्लासच्या संगणकात 'नवीन_यादी_फायनल२' नावाचा तक्ता आहे.

"आत्या, मशीनला काय फरक पडतो?"

"मशीनला नाही. तुझ्यानंतर येणाऱ्याला पडतो."

२. शेजारी हणमंतराव साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना काही देता येत नाही. स्कूटर मात्र माझ्या फाटकासमोरून काढावी.

३. राहते घर व क्लास मी वाढवलेल्या मुलीस, मंजुश्रीस.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मदत छावणीत वाचलेल्यांची यादी मी संगणकावर केली. चारेक वर्षांची एक मुलगी बोलेना. नावाचा रकाना रिकामा सोडता येईना. तक्ता चालतो का ते तपासताना मी 'मंजुश्री' हे खोटे नाव घातले होते, तेच तिच्या नोंदीला राहू दिले. संध्याकाळी बदलू म्हटले. तेवीस वर्षे झाली. तिला न्यायला कोणी आले नाही, तेव्हा मीच तिला घरी आणले होते.

दुपारी डोळा लागला की मी त्या यादीतून चालत असते. गावे रकान्यांसारखी सरळ मांडलेली, घरे नाहीत, नुसती दारे आणि दारांवर नावे. एका दारावर नाव नाही. उंबऱ्यावर ती बसलेली असते. मी नाव विचारते. ती तोंड उघडते आणि मला जाग येते.

२००४ साली शिरूर अनंतपाळच्या कमलम्मा स्वतःच्या मुलीच्या प्रवेशासाठी क्लासला आल्या. मंजुश्रीला बघून म्हणाल्या, "ही माझ्या बहिणीची दानम्मा हाय. कानामागचा तीळ बघा की, बाई."

तीळ मला ठाऊक होता. मी म्हणाले, "कागदात मंजुश्री आहे." कागदाचे नाव ऐकून त्या माघारी गेल्या. मुलगी जाईल, या भीतीने मी ते खोटे नाव पुढे केले.

गेल्या सोमवारी मी त्यांच्या दारी गेले. "आता कागदात लिवून आणलंत व्हय?" त्या म्हणाल्या. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला तयार झाल्या, पण एका अटीवर: "मेल्यावर न्हाई. जित्तेपणी सांगा तिला."

वकील म्हणाले, 'उर्फ' लिहावे लागेल. जन्मभर मी एका गोष्टीला दोन नावे लावू दिली नाहीत. इथे लावते. वरील घर व क्लास मंजुश्री उर्फ दानम्मा हिला. कोणते नाव ठेवायचे, ते तिने ठरवावे.

हे मृत्युपत्र आज सायंकाळी पाच वाजता मी स्वतः तिला वाचून दाखवीन. कमलम्मा शेजारी बसतील.

लातूर, दि. ३० सप्टेंबर २०१६

सही: चंद्रप्रभा देगलूरकर

साक्षीदार:
१. हणमंतराव, शेजारी (स्कूटर काढली आहे)
२. कमलम्मा, राहणार शिरूर अनंतपाळ. दानम्माची मावशी