सुतकातले टीव्ही

अब्बा,

ठाणेदार गेले. काल दुपारी ऑफिसात डबा खाताना फोनवर बातमी दिसली. खूप म्हातारे झाले होते, घरच्यांच्या सोबत शांतपणे गेले, असं लिहिलं होतं. त्या मालिकेतल्या चौघांपैकी तेवढेच उरले होते. मी अर्ध्या डब्यावर झाकण लावलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, काय झालं. मी म्हणाले, काही नाही. सातासमुद्रापलीकडचा एक नट, ज्याचा खरा आवाजही मी तोवर कधी ऐकलेला नव्हता, तो गेल्याचं कुणाला आणि कसं सांगणार? ऐकून समजेल असा माणूस एकच होता, आणि त्याच्याबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. तुम्ही मला न सांगता गेलात. अम्मीला माहीत होतं, चाचांना माहीत होतं, सरकारी दवाखान्यातल्या मॅडमना तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं. मला नाही. मी तेव्हा सातवीत होते, म्हणजे सांगितलं असतं तर समजण्याइतकी मोठी होते. ही तक्रार मी आजवर कुणापाशी बोलले नाही. न बोलल्यानं ती लहान झाली नाही.

दिग्रसचं आपलं दुकान मला अजून जसंच्या तसं आठवतं. मागे जिनिंगची भिंत, हंगामात दारातून उडत येणारी सरकी-कापसाची धूळ, ती टीव्हीच्या पाठीत जाऊन बसते म्हणून तुमची कुरकुर. टेबलावर मागून उघडे पडलेले टीव्ही, आणि कोपऱ्यात तो जड व्हीसीआर. मी फार लहान असताना दर रविवारी हिंदीत लागणारी ती परदेशी मालिका तुम्ही कॅसेटवर उतरवून घेतली होती आणि दुरुस्त झालेला प्रत्येक टीव्ही तिच्यावरच तपासायचात. काळा रंग काळा दिसतो का, ते आकाशावरून. माणसाचा रंग माणसासारखा आहे का, ते डॉक्टरणीच्या गालावरून. चित्राच्या कडा वाकल्या आहेत का, ते त्या ठाण्याच्या गोल खिडकीवरून. आज मी पुण्यात हेच काम करते. दवाखान्यांतले ज्या पडद्यांवर डॉक्टर एक्स-रे बघतात, त्यांचा उजेड आणि रंग मोजते. माझं यंत्र तुमच्या डोळ्यापेक्षा अचूक आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तुम्हीही मान्य केलं असतं, आणि मग त्याचं झाकण उघडून बघितलं असतं.

मालिकेचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत. तुमच्यासाठी ते 'ठाणं' होतं. अंतराळाच्या टोकाला एक ठाणं, तिथं मोडकी यानं दुरुस्तीला यायची. "हे त आपलंच दुकान हाय," तुम्ही म्हणायचात, "फक्त यायच्याकडे लाइन जात नाही." ठाण्यावर चौघं राहायचे. पांढऱ्या केसांचे ठाणेदार, डॉक्टरीण, तेलकट कपड्यातले बुटके मिस्त्री, आणि तोंडाला चंदेरी रंग फासलेला एक यंत्रमानव, ज्याला तुम्ही पिंपा म्हणायचात, कारण तो पिंपासारखा दिसायचा. मिस्त्री तुम्हालाही सगळं गाव म्हणायचं. आणि मला तुम्ही पिंपा म्हणायचात, कारण मी पडले, मार खाल्ला, पेपरात कमी गुण मिळाले, तरी माझा चेहरा हलत नसे.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की टीव्ही बंद ठेवतात. कुणी तेरवीपर्यंत, कुणी चाळिसाव्यापर्यंत. तसाही बंदच आहे, तर तेवढ्यात दुरुस्त तरी होईल, म्हणून लोक त्या दिवसांत टीव्ही तुमच्याकडे आणून टाकायचे. आणणारा माणूस टीव्हीवर चादर टाकून आणायचा, म्हणून आपल्याला ते न सांगता कळायचं. दिग्रसमध्ये कुणाच्या घरी मौत झाली हे मशिदीच्या आणि देवळाच्या आधी कधीकधी तुमच्या टेबलाला समजायचं. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिघडलं होतं. नवे टीव्ही कुणी घेईना, आणि चादरीखालचे वाढत गेले. आसपासच्या खेड्यांतून येणारे तर तरण्या माणसांच्या घरचे. आणणारा फार बोलायचा नाही, तुम्ही विचारत नसायचात. दुकानात तुमचा एकच कायदा होता. सुतकातला टीव्ही आवाज बंद ठेवूनच तपासायचा. ज्या घरात रडणं चालू आहे, त्या घरच्या डब्यातून हसण्याचा आवाज येता कामा नये.

त्यामुळे शाळेतून येऊन तुमच्या शेजारी स्टुलावर बसलेल्या मला ती मालिका बहुतेक वेळा मुकीच दिसायची. आणि मला कंटाळा येऊ नये म्हणून तुम्ही हातात सोल्डरिंगची कांडी धरून, पडद्याकडे न बघता, चौघांचे संवाद हळू आवाजात बोलायचात. घरी आपण हिंदी-उर्दूत बोलायचो. पण ही चौघं तुम्हाला दुकानातल्या गिऱ्हाइकांसारखी वाटत असावीत, म्हणून त्यांना तुम्ही वऱ्हाडी दिलीत. यान येऊन थडकलं की ठाणेदार कपाळाला हात लावून म्हणायचे, "आता हे कोनाचं घेऊन आले बाप्पा?" मिस्त्री म्हणायचे, "टाका तिकडं. सोमवारी या." डॉक्टरीण म्हणायची, "जेवले का?" तिचा प्रत्येक संवाद याच प्रश्नानं सुरू व्हायचा. आणि पिंपा काहीच बोलायचा नाही. त्याची जागा तुम्ही माझ्यासाठी ठेवली होती.

एका भागात मिस्त्री ठाणं सोडून जातात. तो भाग तुम्ही फार वेळा लावत नसायचात, लावलात तरी आवाज बंद ठेवूनच, पण मला पाठ होता. दारात यान उभं आहे. मिस्त्री कमरेचं दुरुस्तीचं हत्यार काढून पिंपाच्या हातात ठेवतात, त्याची मूठ मिटवतात, आणि जातात. तुम्ही बोलायचात, "चाललो मुकुटबनले, लेकीकडे. कापूस वेचाले मानसं भेटून नाही राह्यले तिले. हे मी येईपर्यंत सांभाळ. आल्यावर वापस घेतो." मुकुटबन कशासाठी, हे मला कळायचं. तिथं फुफी, तुमची बहीण, राहायची, आणि बसमध्ये उलट्या करत करत जावं लागायचं, त्यामुळे माझ्या लेखी जगात त्याहून लांब काहीच नव्हतं. पुढच्या कुठल्याच भागात मिस्त्री परतले नाहीत. मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "वेचनी लय लांबली यंदा." मला ते पटलं. वेचणी लांबतेच.

डॉक्टरणीचं काम करणारी नटी वारली, ते तुम्ही वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात वाचलंत. लहानशी बातमी होती, फोटो नव्हता. त्या दिवशी तुम्ही दुकानातल्या सगळ्या टीव्हींचा आवाज बंद केलात. अम्मी चहा घेऊन आली आणि बघत राहिली. "उस गोरी के वास्ते इतना मातम? मेरे मामू गुजरे थे तो तुम्हारा रेडिओ शाम तक बज रहा था." तुम्ही म्हणालात, "मामू ने मुझे कभी पूछा था क्या, खाना खाए के नहीं?" अम्मी हसली, मग हसल्याबद्दल तोंडावर पदर धरला.

तेवढ्यात जिनिंगच्या काट्यावरचे काका आले. "मिस्त्री, आवाज काहून बंद सगळ्याचा? कोन गेलं?"

"डॉक्टरीण गेली ना काका. लय चांगली बाई होती."

"अरारारा! परवाच त मले सुई देल्ली तिनं!" आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत काका सायकलवर टांग मारून गेले.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या दिग्रसला सरकारी दवाखान्यातल्या मॅडम वारल्याचं कळलं होतं. फाटकाशी हार घेऊन आलेल्या माणसांना मॅडमनीच सांगितलं, मी आहे अजून. आणि मग त्या स्वतः दुकानात आल्या. तुम्ही उभे राहिलात, मान खाली. मी तुम्हाला इतकं शरमलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मिस्त्री, मी गेले म्हणे. काय झालं होतं मला?"

तुम्ही पडद्याकडे बोट दाखवलंत. मॅडम माझ्या स्टुलावर बसल्या आणि मुकी मालिका बघायला लागल्या. "ही का मी? बरी आहे की दिसायला." त्यांना नीट दिसावं म्हणून तुम्ही मधला एक टीव्ही उचलून खाली ठेवलात, आणि ठेवल्यावर टेबलाला धरून उभे राहिलात. मॅडमचं हसू थांबलं.

"हा दम कधीपासून लागतो?"

"उमर झाली मॅडम."

"चाळिशीत कसली उमर? उद्या सकाळी दवाखान्यात या. आणि आज आता काही उचलू नका."

हे मी समोर बसून ऐकलं. पण माझं लक्ष पडद्यावर होतं. हृदयाची झडप, सुजलेले पाय, नागपूर, यातलं काही मला कुणी सांगितलं नाही. अम्मीनं नंतर कबूल केलं. मॅडमनी तुम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. ऑपरेशन केलं तरी भरवसा नाही, आणि न केलं तर मुळीच नाही. तुम्ही अम्मीला म्हणालात, बच्ची को नहीं बताना.

दिग्रसचा बसस्टँड. सकाळचं ऊन, यवतमाळच्या गाडीला गर्दी, पुढे नागपूर. चाचांनी जागा धरलेली आहे. अम्मीच्या हातात थर्मास आहे. तुम्ही खिशातून टेस्टर काढता, तो पिवळ्या मुठीचा, ज्याला मी हात लावला तर तुम्ही ओरडायचात. माझ्या तळहातावर ठेवता, माझी मूठ मिटवता, आणि मिस्त्रींच्या आवाजात बोलता, "हे आता तुयं. मी वापस मांगाले येत नाही."

मला हसू येतं. "अब्बा, डायलॉग चुकला. 'मी येईपर्यंत सांभाळ' असा हाय तो."

तुम्ही माझ्याकडे बघता. मग म्हणता, "हो, चुकला. मी येईपर्यंत सांभाळ."

"अरे, बस निकल जाएंगी," अम्मी म्हणते. "बाप-बेटी का नाटक बाद में करो."

तुम्ही नागपूरहून बसनं आला नाहीत. तुम्हाला आणलं तेव्हा गल्लीतल्या सगळ्या घरांचे टीव्ही बंद झाले. आपला टीव्ही दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीला जाण्याचा प्रश्न नव्हता. त्याच्यावर चादर टाकून तो घरातच राहिला. दुकानात इतरांचे चादरीखालचे टीव्ही तसेच पडून होते. चाचांनी ते एकेक करून परत केले, काही मागून उघडेच. चाळिसावा झाल्यावर अम्मी म्हणाली, लगा दे बेटा, घर काटने को दौडता है. मी लावला, आणि आवाज पुरता खाली नेला. पिंपाचं काम करणारा नट मी अमरावतीला कॉलेजात असताना गेला. लॅबमध्ये कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं. माझा चेहरा हलला नाही, म्हणजे पिंपा म्हणून मी त्याच्याशी इमान राखलं.

आता कालचं सांगते. ठाणेदारांच्या बातमीखाली त्यांच्या एका जुन्या मुलाखतीचा तुकडा जोडला होता. त्यात ते मिस्त्रींबद्दल बोलत होते. मिस्त्रींचं काम करणारा नट तेव्हाच आजारी होता. तो पुढचं चित्रीकरण करू शकणार नाही हे सेटवर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यालाही. त्यानंच लेखकांना सांगितलं की मला अचानक गायब करू नका, मला नीट निरोप घेऊ द्या. मग बातमी देणाऱ्या आपल्याकडच्या वाहिनीनं तो प्रसंग दाखवला. दारातलं यान, पिंपाची चंदेरी मूठ. ऑफिसात होते म्हणून मी कानात इअरफोन घातले होते, त्यामुळे आवाज बंद करायचं सुचेपर्यंत उशीर झाला. हिंदीत केलेला तोच भाग, तुमच्या कॅसेटवरचाच. अनोळखी, खर्जातला आवाज. मिस्त्री म्हणतात, हे आता तुझं. मी परत मागायला येणार नाही.

मुकुटबन नाही. लेक नाही. कापूस नाही.

मी पुन्हा लावून पाहिलं. अशा बाबतीत मी एकदा पाहून विश्वास ठेवत नाही. दोन्ही वाक्यं तीच. तुम्ही ती कॅसेटवर उतरवलीत तेव्हा आवाजासकट ऐकली होतीत. पण टेबलावर चादरीखालचे इतके टीव्ही असताना, शेजारी स्टुलावर बसलेल्या पोरीसाठी तुम्ही एका माणसाला मरू दिलं नाहीत, त्याला वेचणीला पाठवलंत. मी ते खरं धरून चालले. आणि बसस्टँडवर तुम्ही पहिल्यांदाच खरा संवाद बोललात, तेव्हा मी तो दुरुस्त केला.

म्हणजे तुम्ही सांगितलं होतं. माझी तक्रार चूक होती. ती मागे घेताना हलकं वाटेल असा माझा अंदाज होता. तसं झालं नाही. ती होती तोवर तुम्ही माझं काहीतरी देणं लागत होतात. आता ते फिटलं आहे आणि माझ्याकडे फक्त तुमचं नसणं उरलं आहे.

हे पत्र टपालात पडणार नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. दोन वर्षांपूर्वी कामासाठी नागपूरला विमानानं जायचं होतं. तपासणीच्या ठिकाणी जवानानं माझ्या पिशवीतून तो पिवळा टेस्टर काढला. आत न्यायला मनाई आहे, इथंच टाकावा लागेल, म्हणाला. त्यातला दिवा कधीच गेलेला आहे, तो कशाच्याही कामाचा नाही. तरी मी तो त्याच्या हातातून घेतला, रांगेतून बाहेर पडले, आणि बसनं नागपूरला गेले. ऑफिसात विमान चुकलं असं सांगितलं. जवानानं मला विचारलं होतं, एवढं काय आहे त्यात, कुणाचा आहे? मी म्हणाले, वडलांचा. त्यांना परत द्यायचा आहे.

ते म्हणताना आपण खोटं बोलतोय असं मला वाटलं नव्हतं.