क्विझच्या वेळी आवाज कमी ठेवावा

१ जानेवारी २०००, शनिवार
नवीन डायरी. संकल्प तीन. एक, पहाटे पाचला उठणे. (आज सव्वासात. थंडी.) दोन, सामान्य ज्ञानाच्या इयर बुकची रोज वीस पानं. तीन, उद्यापासून टीव्हीवर युनिव्हर्सिट्यांची क्विझ पुन्हा सुरू होते आहे, तिचा एकही प्रश्न न सोडणे.
तिसरा खरं तर संकल्प नाही, सवय आहे. मागच्या दोन सीझनमध्ये माझी उत्तरं टीव्हीवरच्या पोरांच्या आधी यायची. अख्ख्या आरमोरीत नाव झालं. जंगलखात्याच्या रेंज ऑफिसातून रिटायर झालेल्या हेडक्लार्कला बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू आहे हे कसं माहीत, असं लोक एकमेकांना विचारत.
बायकोला, गुणाला, जाऊन अडीच महिने होतील. मेंदूचा मलेरिया. चौथ्या दिवशी संपलं. यावर जास्त लिहायचं नाही.

२ जानेवारी, रविवार
अकरा वाजता क्विझ. प्रेक्षक: शेजारचा इतवारीभाऊ (आमच्याच ऑफिसचा रिटायर गार्ड), त्याच्या घरचे चार जण, आणि मासे विकणारी कमळा, पाटी दाराबाहेर ठेवून.
वीस प्रश्न. माझी बरोबर उत्तरं: एक.
कारणं: अँटेना हलला होता. प्रश्न विचारणाऱ्याचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात. चहात आलं नव्हतं (मीच केला होता).
गुणा या वेळी आत स्वयंपाक करायची आणि काहीबाही पुटपुटायची. बायकांना सवय असते. त्याचा मला कधी त्रास झाला नाही. आज आत अगदीच शांत होतं, त्यामुळे लक्ष लागेना.
आपली नागपूरची टीम जिंकली. मधला उंच मुलगा भलता हुशार. बाजूची चष्मेवाली मुलगी सारखी त्याच्या कानात कुजबुजते, तरी न गोंधळता उत्तर देतो. मुलीला समज द्यायला हवी. टीमला पोस्टकार्ड टाकणे.

५ जानेवारी
इयर बुक, पान सात. झोप लागली.
एक गोष्ट. पुस्तकात शेवटपर्यंत पेन्सिलीच्या खुणा आहेत. मीच केल्या असणार. तिसाव्या पानापुढे गेल्याचं आठवत नाही, पण वयानुसार विसर पडतोच. पान दोनशे अकरावर हळदीचं बोट. पुस्तकं स्वयंपाकघरात नेऊ नकोस असं तिला कितीदा सांगितलं होतं.

९ जानेवारी, रविवार
शून्य.
सबब व्यवस्थेत बदल केले. टीव्हीचा आवाज कमी ठेवायचा, म्हणजे एकाग्रता होते. खुर्ची खिडकीजवळून उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. तिथे वारा चांगला येतो. इतवारी म्हणाला, "बापूजी, इथी कोठचा वारा?" त्याला हवेतलं काय कळतं.
अकरा वाजून दहा मिनिटांनी आतून फोडणीचा वास आला. मोहरी, लसूण. गॅस तर सकाळपासून बंद. इतवारीला विचारलं, वास येतो का. त्याला सर्दी.
आत जाऊन पाहिलं नाही. मधेच उठलं तर प्रश्न चुकतो.

१६ जानेवारी, रविवार
आज जे झालं ते स्पष्ट नोंदवून ठेवतो.
प्रश्न: सागाचं शास्त्रीय नाव काय?
टेक्टोना ग्रँडिस. एकतीस वर्षं मी ते कागदावर लिहिलं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतवारी तर हसायलाच लागला, हा प्रश्न म्हणजे घरचाच.
मी थांबलो. एक सेकंद, दोन सेकंद. मान थोडी मागे, दाराकडे वळली होती. कशासाठी थांबलो माहीत नाही. तेवढ्यात टीव्हीवरच्या पोराने सांगून टाकलं.
मी म्हणालो, पाहुण्यांना आधी संधी द्यावी. कोणी हसलं नाही.
रात्री जेवलो नाही. पोट साफ ठेवावं.

१९ जानेवारी
चांगली बातमी. शाळेचे हेडमास्तर स्वतः घरी आले. सव्वीस जानेवारीला मुलांची क्विझ ठेवताहेत, प्रश्न तुम्हीच काढा आणि तुम्हीच विचारा, म्हणाले. मी लगेच हो म्हणालो. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरं द्यावी लागत नाहीत. म्हणजे मला ती अवघड जातात असं नाही, पण सोय असते.

२१ जानेवारी
प्रश्न काढायला बसलो. तीन तास. सुचलेले: (१) लाकूड वाहतुकीचा पास किती प्रतींत निघतो? (२) १९८३ साली आरमोरी रेंज ऑफिसात टाइपरायटर किती होते? (३) त्यांपैकी चालू किती?
विषयाची खोली पाहता उत्तम.

२३ जानेवारी, रविवार
आज नवा उपाय. कमळाला म्हणालो, क्विझच्या वेळी आत बसून जरा भाजी चीर. भांड्यांचा थोडा आवाज असला की घर घरासारखं वाटतं. तिने पाटी ठेवली, हात धुतले, आत गेली. अकरा वाजता विळीचा कचकच आवाज सुरू झाला. मी डोळे मिटले. फार बरं वाटलं.
पहिला प्रश्न झाला. दुसरा झाला. आत नुसतीच विळी. मी हळूच म्हणालो, "काही म्हणालीस का?"
कमळा पदराला हात पुसत दारात आली. "बापूजी, वांगे चिरून देतो, मासे साफ करून देतो. पण उत्तर मले नाई येत. ते बाईलेच येत होते."
टीव्ही चालू होता. कोणीही टीव्हीकडे पाहत नव्हतं.
कमळा शाळेत गेलेली नाही. तिच्या म्हणण्याला आधार नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन, भाषण, मग माझी क्विझ. पहिल्या प्रश्नाला दोन्ही गट गप्प. दुसऱ्याला गप्प. तिसऱ्याला एका मुलीने विचारलं, "सर, टाइपरायटर म्हणजे कोन?" हेडमास्तरांनी वेळेअभावी माइक घेतला आणि लेझीम सुरू केलं.
नव्या पिढीचं सामान्य ज्ञान शोचनीय आहे.

२७ जानेवारी
इतवारीला स्पष्टच विचारलं. कमळा म्हणते ते लोकही म्हणतात का?
त्याने तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "आता काऊन विचारता? आमी तं ओसरीतच बसत होतो. बाई आतून हळू सांगे, तुमी मोठ्यानं सांगा. सगळ्याईले ऐकू ये." आणखी म्हणाला, "माई बायको तं बाईचंच ऐकाले येत होती."
मी म्हणालो, मग तेव्हा कोणी बोललं का नाही?
म्हणाला, "बाईनंच बोलू नाई देलं. बापूजीले आवडते, रावू द्या म्हणे."
घरी आलो. दार लावलं. यात इतवारीचा गैरसमज असू शकतो. गुणाने मला सांगितलं असतं. चौतीस वर्षं एका घरात होतो. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

३० जानेवारी, रविवार
सेमीफायनल. नागपूरच्या चष्मेवाल्या मुलीने आज कुजबुज केली नाही. स्वतःच बझर दाबला, स्वतःच उत्तर दिलं, सातदा. टीम फायनलला. उंच मुलगा तिच्याकडे पाहून टाळ्या वाजवत होता, त्याला काहीच वाटलं नाही.
माझं पोस्टकार्ड पोचलं नसावं. बरं झालं.
आज कोणालाही बोलावलं नव्हतं. एकटा होतो. आतून बांगड्या वाजल्या, दोनदा. मी उत्तरासाठी थांबलो. नुसत्या बांगड्या.

३ फेब्रुवारी
ठरलं. फायनलला सगळ्यांना बोलावतो. एक उत्तर, फक्त एक, आणि गावाचा गैरसमज दूर.

६ फेब्रुवारी, रविवार
सगळे आले. इतवारी, त्याची बायको, पोरं, कमळा. दहा प्रश्न गेले. मी गप्प. मंडळी चांगली, कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.
अकरावा प्रश्न: जगातलं सर्वात खोल सरोवर कोणतं?
आणि आतून आलं. अगदी स्पष्ट. आधी तिचा नेहमीचा तो अर्धा श्वास, मग हळू आवाजात, "कॅस्पियन."
मी उठून उभा राहिलो. इतका मोठ्याने मी आयुष्यात ओरडलो नसेन. "कॅस्पियन!" इतवारीच्या बायकोने डोळ्याला पदर लावला.
चष्मेवाल्या मुलीने बझर दाबला. बैकल, म्हणाली. बरोबर. प्रश्न विचारणाऱ्याने वर खुलासाही केला, कॅस्पियन सर्वात मोठं, सर्वात खोल नव्हे.
मी उभाच होतो. कमळा म्हणाली, "बसा ना बापूजी." इतवारी म्हणाला, जवळच होतं.
जवळ नव्हतं. गुणा दोन सीझनमध्ये एकदाही चुकली नाही. म्हणजे आत ती नव्हती. ते उत्तर माझं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं एकट्याचं.
फायनल कोण जिंकलं ते इतवारीने जाताना सांगितलं. लक्षात राहिलं नाही.