ताट धुऊन जाणारा पाहुणा

प्रिय ठकू,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे धड आहेत. तुझी आई शेजारी बसून जुन्या झग्याची शिवण उसवते आहे आणि मी काय लिहितो ते बघायचं नाही असं ठरवून बघते आहे. अक्षर एवढं मोठं आणि एका पानावर दहाच ओळी का, ते पुढे येईल. फोनवर बोललो असतो तर दुसऱ्याच वाक्याला "बाबा, तुमचं आपलं काहीतरीच" म्हणून तू हसून मोकळी झाली असतीस. हसणाऱ्या माणसापुढे माझं काही चालत नाही. म्हणून लिहितो. शेवटपर्यंत वाच.

मंगळवारी रक्तपेढीत माझ्या हातून एका बाईचा जीव जाता जाता राहिला.

तू दिलेल्या पेन ड्राइव्हचा यात दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी मी तुला म्हणालो होतो, ऑफिसच्या पडद्यावरची अक्षरं फार बारीक आहेत आणि मशीनवर नवीन काही टाकायला बंदी आहे. तू अर्ध्या तासात अक्षरं मोठी करणारा आणि कानात वाचून दाखवणारा प्रोग्राम त्या बोटभर दांडीत भरून दिलास. म्हणालीस, "हा पाहुणा आपलं ताट घेऊन येतो, जेवतो आणि ताट धुऊन घेऊन जातो. घरात एक शीतसुद्धा सापडणार नाही." मला ते फार आवडलं होतं. पण एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. अक्षरं बारीक नव्हतीच. तीच अक्षरं बाकीचे लोक दोन हातांवरून वाचत होते. माझ्या नजरेच्या मधोमध एक पुसट डाग येऊन बसला होता. समोरच्या माणसाकडे पाहिलं की त्याचे कान दिसायचे, नाक दिसायचं नाही. बाहेरचा ड्राइव्ह लावलेला सापडला तर नोकरी गेली, आणि डोळ्यांचं कळलं तरी गेलीच. मी दोन्ही लपवत होतो.

आमच्याकडे दरवर्षी डोळे तपासतात, मग पकडले कसे गेले नाही, असं तुझ्या मनात येईल. अगं, आमच्या गावच्या शाळेत फळा एक आणि वर्ग चार. मागे बसणाऱ्याला काही दिसायचं नाही, सगळं ऐकून घोकायचं. डोळे तपासायच्या रांगेतही तेच केलं, माझ्या आधीचा शिपाई भिंतीवरचा तक्ता मोठ्याने वाचत होता, तेवढ्यात माझा पाठ झाला. तपासणारा म्हणाला, "काका, तुमची नजर तरण्याला लाजवेल." मी हसलोसुद्धा. त्या हसण्याची आता लाज वाटते.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता कॉम्प्युटर तपासणारा आला. येईल तिथलं सगळं पुसून जातो म्हणून आम्ही त्याला पुसण्या म्हणतो. तो दाराकडच्या पहिल्या टेबलापासून सुरू झाला, माझं टेबल चौथं. माझं काम तुला ठाऊक आहे. वॉर्डातून मागणी पडद्यावर येते, तिच्यावरून मी रोग्याचं नाव आणि रक्तगट चिठ्ठीवर छापतो, आणि ती चिठ्ठी बघून फ्रिजजवळचे मामा पिशवी काढतात. पुसण्या पोचायच्या आत हातातल्या मागण्या संपवाव्यात म्हणून मी कानातल्या आवाजाचा वेग वाढवला. पडद्यावर एकाखाली एक दोन रोगी होते. पहिली नुकतीच बाळंत झालेली बाई, गट ए. दुसरा एक म्हातारा, गट बी. आवाजाने गटाचा रकाना वरून खाली एका दमात वाचला, ए बी. मी बाईच्या चिठ्ठीवर एबी छापलं आणि चिठ्ठी मामांकडे सरकवली. मागे पुसण्याची खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, तसा ड्राइव्ह ओढून खिशात टाकला. आधी बंद कर, मग ओढ, असं तू किती वेळा बजावलं होतंस. पडद्यावरच्या अक्षरांच्या पुन्हा मुंग्या झाल्या.

थोड्या वेळाने आतून तपासणी करणाऱ्या ताई आल्या. हातात काचपट्टी. पिशवीतलं रक्त बाईच्या रक्ताच्या नमुन्यात मिसळताच गोळा झालं होतं. "मामा, ही पिशवी तुम्ही काढलीत?" मामा म्हणाले, "चिठ्ठीवर एबी आहे, मी काय मनाचं काढलं?" ताईंनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "दादा, पडद्यावर काय आहे, जरा वाचा बघू." मी पडद्याकडे पाहत राहिलो. देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तर तेही आठवेना. मला थांबलेला बघून ताईंनीच वाचलं, "इथे तर ए आहे!" पुसण्याने माझं मशीन उघडून वरखाली पाहिलं आणि म्हणाला, "मशीन एकदम स्वच्छ आहे. छापायचा प्रोग्रामच कधी कधी वेडेपणा करतो. नवीन टाकून देतो, विषय संपला."

ठकू, विषय खरंच संपला असता. ताई योग्य पिशवी घेऊन वर पळाल्या होत्या, बाईला रक्त चढलं, ती सुखरूप आहे. सगळे यंत्राला शिव्या घालत होते आणि यंत्र काही बोलत नव्हतं. मी त्याच्याच शेजारी गप्प बसलो होतो. मग मनात आलं, उद्या मी परत कानात ऐकूनच चिठ्ठी छापणार, आणि उद्या ताई रजेवर असल्या तर? मी ड्राइव्ह खिशातून काढून टेबलावर ठेवला. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, मग सांगायचं नाही का इतके दिवस!" मोठ्या डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. चौकशी होईल. तोवर मी घरी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं.

तो तरुण डॉक्टर बराच वेळ डोळ्यात उजेड टाकून पाहत होता. मग त्याने माझ्या आईबद्दल विचारलं. मी सांगितलं, गावात तिला लोक गर्विष्ठ म्हणायचे, कारण ती कुणाकडे सरळ बघत नसे, मान तिरकी करून बघे. तो म्हणाला, "त्यांना कडेनेच दिसत असणार." चाळीस वर्षांनी मला कळलं की माझी आई गर्विष्ठ नव्हती. मग त्याने विचारलं, मुलं किती. म्हणालो, एक मुलगी.

हे पत्र त्यासाठी आहे. हा आजार रक्तातून उतरतो, मुलगा असो की मुलगी, यायची शक्यता निम्मी. पुरता बरा होत नाही, पण लवकर कळला तर पुढचं बरंच नुकसान टळतं. शुक्रवारी दहा वाजता तुझ्या नावाने वेळ घेतली आहे. स्कूटर आणू नकोस, बसने ये, मी थांब्यावर उभा असेन. मागच्या महिन्यात तू आलीस तेव्हा चहा गाळताना दोनदा बाहेर सांडलास. मला दिसलं नाही, ट्रेवर पडल्याचा आवाज आला. तू म्हणालीस, कप डगमगतो, आणि मीही "हो, डगमगतो" म्हणालो. तो कप डगमगत नाही, ठकू. मी रोज त्यातूनच पितो.

तुझाच,
बाबा