देवश्रीचा वाटा

…मुलीच्या वाट्यापुढचे 'ती हयात नसल्यास' हे शब्द मी पुन्हा खोडले. वकीलबाई, म्हणजे शेजारची अपूर्वा, म्हणते की तसे झाल्यास वाटा कुणाला, हे पर्यायी वाक्य हवेच. असेल. पुढचे लिहितो.

मी, श्रीपाद पोतनीस, निवृत्त प्राध्यापक, राहणार फ्रीगंज, उज्जैन, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाविना, स्वतःच्या बुद्धीने लिहीत आहे. बुद्धी स्थिर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मला तशी खात्री नाही.

१. टावर चौकामागचे घर पत्नी माणिक हिच्याकडे तहहयात राहील. तिच्यानंतर अर्धे मुलगा आल्हाद याचे, अर्धे मुलगी देवश्री हिचे. देवश्री डॉक्टर आहे. परक्या देशातल्या युद्धात ज्या इस्पितळात ती एका मदतसंस्थेतर्फे काम करत होती, त्यावर बॉम्ब पडला. तेव्हापासून ती बेपत्ता आहे.

२. बँकेतील ठेवी माणिकच्या. त्यांतून देवश्रीचा पालाशविधी करू नये. जे माणूस सापडत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा देह करून तो जाळतात. माणिकने सिद्धवट घाटावर गुरुजींशी बोलणे केले आहे. पोरीचा जीव अधांतरी आहे, त्याला वाट करून द्या, असे ती म्हणते. मी नाही म्हणतो. पाने जाळून आपणच विषय मिटवला, तर जाब कुणाला आणि कशाचा विचारायचा? पण माझा नकार मुलीसाठी आहे की हट्टापायी, हे मला ठरवता येत नाही.

३. पुस्तके कॉलेजला. आंतरराष्ट्रीय संबंध हा माझा विषय. आधी तोफा थांबू द्या, जाब नंतर, असे मी आयुष्यभर शिकवले. आज न्यूयॉर्कला शस्त्रसंधीच्या ठरावावर मतदान आहे. इस्पितळावर बॉम्ब कुणी टाकला याच्या चौकशीचे कलम काढले, तरच काही देश होकार देतील. वर्गात मी म्हणालो असतो, काढा. माणिकला हेच समजावू लागलो. ती मेथी निवडत होती.

"अहो, तुमचं हे 'बाद में' कधी येतं?"

मग कलमासाठी युद्ध चालू राहावे का? तसेही म्हणवत नाही. ढिगाऱ्याखाली कुणी जिवंत असेल तर?

४. मेहुणे अरविंदराव यांना माझा रेडिओ. "जिजाजी, तुमच्या युनोला सांगा, आधी आमच्या गल्लीतली भांडणं मिटवा," असे ते दर दिवाळीला म्हणत. मला राग येई. देवश्रीची बातमी आल्यापासून म्हणत नाहीत. त्यांनी पुन्हा म्हणावे. त्यांना साक्षीदार व्हायचे होते. वाटेकऱ्याने साक्षीदार होऊ नये, असे अपूर्वाने सांगितले. त्यांनी रेडिओ निवडला.

५. आल्हादने बहिणीच्या खोलीत भाडेकरू ठेवू नये.

पर्यायी वाक्य लिहिलेले नाही. हे विस्मरण नव्हे.

सही: श्रीपाद पोतनीस
आमच्यासमोर सही केली: प्रतिभा कानडे, विहंग रेगे
उज्जैन, ९ डिसेंबर २०२५

१० डिसेंबर. ठराव मंजूर झाला, चौकशीचे कलम वगळून. सकाळी देवश्रीच्या संस्थेतून फोन आला. गोळीबार थांबला आहे, ढिगारा उपसणार आहेत; ओळख पटवण्यासाठी आईवडिलांच्या रक्ताचे नमुने हवेत. आम्ही दोघे ऑटोने लॅबमध्ये गेलो. माणिकने आधी हात पुढे केला.