मानाचा पेनड्राइव्ह उजवीकडे

कर्वेनगर, पुणे

श्री. रंगराव व्याही यांना महिपतीचा नमस्कार. वाकलोच आहे तर लगेच उठत नाही, कारण हे पत्र वाचून झाल्यावर आपण मला पुन्हा वाकायला लावाल अशी माझी खात्री आहे.

आपली तब्येत कशी आहे? विहीणबाईंचा गुडघा काय म्हणतो? त्यांनी पाठवलेल्या मुगवड्या संपल्या. डबा अजून परत पाठवलेला नाही, कारण डबा रिकामा पाठवायचा नसतो, आणि आमच्या घरी डब्यात घालून पाठवण्याच्या लायकीचं काय आहे यावर सौ. नम्रताचं आणि माझं एकमत होत नाही. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. नम्रता बरी आहे. चि. तेजस सकाळी खराडीला नोकरीवर जातो आणि त्या रहदारीतून परत येईपर्यंत त्याचं वय वाढलेलं असतं. आपली लेक आणि आमची सून राजनंदिनी उत्तम आहे. तिला अजून काही माहीत नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आपण फोन स्पीकरवर ठेवता. (मागे मी आपल्याला एकट्याला, विश्वासाने, मूळव्याधीवरचा उपाय विचारला, तर पलीकडून निरनिराळ्या आवाजांत औषधं आली, त्यात एक आवाज दूधवाल्याचा होता.) संगणकावर लिहून पाठवावं, तर त्याच्या दोन प्रती होतात, आणि दोन प्रती झाल्या की काय होतं तोच या पत्राचा विषय आहे. म्हणून हाताने लिहितो. अक्षर हललेलं दिसलं तर तो वयाचा दोष समजू नये.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, हे आपल्याला लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं आणि आपण ते चेहरा न हलवता ऐकून घेतलं होतं. मूळ प्रत आणि छापलेला कागद शेजारी शेजारी ठेवायचा, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट फिरवायचं. त्यामुळे दोन गोष्टींतला फरक काढणं हा माझा प्रांत, असा माझा समज होता. निवृत्तीनंतर हा प्रांत फार आकसला. वर्तमानपत्रातल्या चुका काढून झाल्या. सोसायटीच्या फलकावर सेक्रेटरी आप्पासाहेब ज्या सूचना लावतात, त्या लाल शाईने दुरुस्त करून झाल्या. (तेव्हापासून आप्पासाहेब जिन्यात भेटले की भिंतीचा रंग पाहत खाली उतरतात.) नम्रता म्हणाली, आता या घरात दुरुस्त करण्यासारखी एकच गोष्ट राहिली आहे आणि ती रोज सकाळी आरशात दाढी करते.

अशात एक दिवस राजनंदिनीने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, पपा, एक काम कराल का. तिच्या पीएच. डी.च्या प्रबंधाचं एक फोल्डर जुन्या लॅपटॉपवर होतं आणि त्याचंच पुढचं रूप, नव्या चौथ्या प्रकरणासकट, एका पेनड्राइव्हवर. कुठल्या फाइली दोन्हीकडे सारख्या आहेत, कुठल्या बदलल्या आहेत, कुठल्या एकाच बाजूला आहेत, एवढं पाहून सांगायचं होतं. प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली आहे, आणि ती स्वतः शेवटचं प्रकरण लिहिण्यात गुंतलेली. पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवताना म्हणाली, जपून हं पपा, यातच सगळं आहे. रंगराव, निवृत्त झाल्यापासून भाजीच्या पिशवीखेरीज माझ्या हातात कोणी काही दिलेलं नव्हतं. पेनड्राइव्ह मी देवघरात ठेवला.

सुरुवात मी माझ्या रीतीने केली. दोन्ही फोल्डरं समोर उघडली आणि नम्रताला मोठ्याने वाचायला बसवलं. विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांचे आकडे, तेही इंग्रजीत. तिने सोडियमपर्यंत दम धरला. मग भात लागल्याचा वास आला आणि ती उठली ती पुन्हा बसलीच नाही. (भात तिने मुद्दाम लागू दिला असा माझा संशय आहे.) तेजस जाता जाता म्हणाला, पपा, हे असं मॅन्युअली कोण करतं, एखादं टूल घ्या ना. टूल म्हणजे फोल्डर शेजारी शेजारी लावून फरक दाखवणारा प्रोग्राम. कुठला घ्यायचा हे न सांगता तो अंघोळीला गेला. त्याच्या पिढीला मत असतं, तपशील नसतो.

मग मी टूल पाहायला लागलो. स्थळं पाहतात तशीच पाहिली. (आपलं स्थळ पाहिलं तेव्हा एवढा वेळ लागला नव्हता.) पहिलं फुकट होतं. त्याने दोन्हीकडे असलेल्या फाइलींची फक्त नावं पाहिली आणि सगळं सारखं आहे म्हणून हात झटकले. दुसऱ्याचं उलटं. फाइल शेवटची कधी सेव्ह केली तेवढी वेळ ते पाही, त्यामुळे नुसती उघडून पुन्हा सेव्ह केलेली फाइलसुद्धा बदललेली ठरे. पडदा माझ्या दहावीच्या गणिताच्या पेपरासारखा लाल झाला. तिसरं अक्षराशी अक्षर ताडून पाहणारं, म्हणजे माझ्या बिरादरीतलं. पण त्याला फक्त साधा मजकूर वाचता येई, वर्डची फाइल दिली की नुसत्या मुंग्या दाखवी. चौथं विकतचं होतं, पण आधी वापरून पाहा म्हणणारं. नाव, वेळ, आतला मजकूर, सगळं ते पाही, आणि वर्डची फाइलही उलगडून दाखवी. ज्या फाइलीला पलीकडे जोडीदार नाही, तिला ते अनाथ म्हणे. हा शब्द मला फार आवडला होता, हे आता लिहायलाही जड जातं.

तरी पुण्यात राहून पसंत पडलेली गोष्ट लगेच घेणं बरं दिसत नाही. म्हणून मी चारही टूलांचा तुलनात्मक तक्ता केला. तक्ता लॅपटॉपवर ठेवला, मग तो दुरुस्त करून स्वतःलाच मेल केला, मग मूळ तक्त्यातही थोडं सुधारलं, आणि आता या दोनांतला ताजा कुठला ते मला कळेना. तेव्हा तुलना करणाऱ्या टूलांच्या दोन तक्त्यांची तुलना करायला मी चौथं टूल वापरलं. त्याने माझ्या सगळ्या दुरुस्त्या बिनचूक दाखवल्या, त्यातल्या निम्म्या चुकीच्या होत्या हेही त्यावरून दिसलं, आणि मी तेच निवडलं.

इथे थांबायला हवं होतं. सुनेने नुसतं पाहून सांगा म्हटलं होतं. पण चूक दिसली की मुद्रितं तपासणाऱ्याचा हात आवरत नाही. वरच्या पट्टीत दोन्ही बाजू एकसारख्या करण्याचं एक बटण होतं. म्हटलं, फरक काय नुसते सांगायचे, मिटवूनच देऊ, पोरीला आयतं मिळेल. टूलाने विचारलं, डावीकडे कुठलं फोल्डर, उजवीकडे कुठलं. मी देवघरातून पेनड्राइव्ह आणला आणि त्याचं फोल्डर उजवीकडे लावलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मानाचं ते उजवीकडे. पूजेला बायको उजवीकडे बसते, प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला राहतो, तीर्थ उजव्या हातावर घेतात. लग्नातल्या पंगतीत आपल्यालाही मी माझ्या उजव्या हाताला बसवलं होतं, आठवत असेल. नवं, पुरं, चौथं प्रकरण असलेलं फोल्डर मी डावीकडे कसं बसवणार? टूल बनवणाऱ्याच्या घरी मात्र ही रीत नसावी. त्याच्या लेखी डावं ते अस्सल आणि उजवं ती त्याची नक्कल. त्याने सभ्यपणे विचारलंही, की उजवीकडच्या अनाथ फाइली काढून टाकू का. मला वाटलं, मानाच्या बाजूला अनाथ कोण असणार, असलाच तर कचरा असेल. मी हो म्हटलं.

पडदा शांत झाला. लाल ओळ औषधालासुद्धा उरली नाही. मी नम्रताला हाक मारून दाखवलं, तिनेही मान डोलावली. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत्या. चौथं प्रकरण दोन्हीकडे नव्हतं.

पेनड्राइव्हवरून पुसलेलं कचरापेटीतसुद्धा जात नाही, हे मी तेजसकडून काढून घेतलं, माझ्या एका मित्राचं असं झालंय म्हणून. (त्याने विचारलं, कुठल्या मित्राचं. मला ऐनवेळी एकही मित्र आठवला नाही.) तेव्हापासून घरात चोरासारखा वावरतो आहे. आमटी अळणी झाली तर मुकाट्याने जेवलो. नम्रताने कपाळाला हात लावून ताप पाहिला. राजनंदिनी येता-जाता विचारते, पपा, झालं का हो काम? मी म्हणतो, होत आलंय. खोटं मी कधी बोललोच नाही असं नाही, पण या पोरीपुढे जीभ जड होते.

कारण चौथं प्रकरण म्हणजे काय ते मला माहीत आहे. ते म्हणजे गेल्या उन्हाळ्यात आपण, साठी उलटलेल्या माणसाने, लेकीला मोटरसायकलवर मागे बसवून दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीविहिरीवर नेलंत ते. ती बाटल्या भरी आणि आपण चिकटपट्टीवर विहीरवाल्याचं नाव लिहून बाटलीला लावत होता. त्या बाटल्या संत्र्यांच्या पेटीत घालून आपण पुण्याला आणल्या, आणि रात्रभराच्या प्रवासात पेटी मांडीवरून उतरवली नाही. मी तेव्हा दारातच म्हणालो होतो, पाणी कशाला आणलंत व्याही, आमच्याकडे येतं नळाला. आपण हसलात, आणि मला वाटलं मी फार छान बोललो. त्या सगळ्या विहिरी मी एक बटण दाबून बुजवल्या. मला लाज वाटते, रंगराव. चुकीची नाही तेवढी. चुका छापखान्यातही होतात, शुद्धिपत्र चिकटवता येतं. पण पोरीने विश्वासाने वस्तू दिली, आणि ती गेली हे तिच्या तोंडावर सांगायची मला हिंमत होत नाही. म्हणून तिच्या बापाला पत्र लिहितो आहे, याची जास्त वाटते.

मुलाकडच्याने मुलीकडच्यांपुढे कान धरायची आपल्याकडे पद्धत नाही. ती मी सुरू करतो.

आपला,
महिपती

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं, म्हणजे मुद्दाम ठेवलं. प्रकरण लिहून झालं की राजनंदिनी ते आपल्याला मोबाइलवर पाठवते, असं तिच्याच बोलण्यात आलं होतं. चौथंही आलं असेल. मात्र दिवाळीत आपला मोबाइल भरला तेव्हा, सगळं पुसून टाका व्याही, माणसाने अडगळ साठवू नये, असं मीच आपल्याला फोनवर बसून शिकवलं होतं, आणि आपण प्रत्येक वाक्याला हो जी म्हणत होता. मी सांगितलेलं कोणीतरी ऐकावं म्हणून मी जन्मभर धडपडलो. या एकदाच, आपण माझं ऐकलं नसेल अशी आशा आहे.

ता. क. २. सापडलं तर पोरीला कळू न देता माझ्या नंबरवर पाठवावं. फोन केलात तर स्पीकर बंद ठेवावा. पाकीट तेजसच्या हाती टपालात टाकायला देतो आहे. राजनंदिनीच्या हाती पडू देऊ नको, असं त्याला बजावलं आहे.

(पत्राच्या पाठीमागे, निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात)

बाबा, मी नंदा. तेजसने पाकीट माझ्याकडेच दिलं. टपालपेटी तुझ्या वाटेवर आहे म्हणाला. पपांनी माझ्याबद्दल काहीतरी बजावलं होतं, पण काय ते त्याला आठवेना. दुसऱ्याचं पत्र काहून फोडलंस, असं तुम्ही म्हणाल. तुमचं नाव दिसलं म्हणून फोडलं, आणि आता वाटतं, नसतं फोडलं तर बरं होतं.

चौथं प्रकरण माझ्याकडे आहे. ते कुठे गेलंच नव्हतं. नोकरी सुटल्यापासून पपा दिवसभर गॅलरीत बसून असत, त्यांना काहीतरी काम द्यावं म्हणून मी प्रबंधाची एक जादा कॉपी करून दिली. खरी दिली नाही, कारण ते त्यात काहीतरी दुरुस्त करणार याची मला खात्री होती. आणि वर मीच म्हणाले, जपून हं, यातच सगळं आहे. त्यांनी तो पेनड्राइव्ह देवघरात ठेवला, ते मी पाहिलं आणि तरी गप्प बसले. झालं का काम, म्हणून मी रोज गमतीने विचारत होते. त्यांनी या पत्रात सगळं खरं लिहिलं, आणि खोटी मी ठरले. आज सकाळी त्यांनी माझ्यासाठी चहा केला, तर मला त्यांच्याकडे बघवेना.

तुम्हाला मी चौथं पाठवलंच नव्हतं. आज पाठवते. पत्र पोचलं की पपांना फोन करा आणि सांगा, ते जुनंच मोबाइलात पडून होतं, व्याही, मी तुमचं ऐकलंच नव्हतं. खरं म्हणजे मीच त्यांच्यासमोर जाऊन बोलायला हवं, हे मला कळतं. पण त्यांच्यासारखीच मलाही हिंमत होत नाही, आणि त्यांच्यासारखंच मलाही तुम्हालाच लिहिता येतं. पुढच्या वेळी त्यांना खरं फोल्डर देईन.

स्पीकर मात्र खरंच बंद ठेवा. आई हसेल, आणि पपांना कळेल.