पात्याच्या पिनेची क्लिप

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांनी दादाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. आई बरी आहे. गुडघे दुखतात, जीभ मात्र शाबूत आहे. फोन केला असता, पण तू पहिल्याच वाक्याला काम आहे म्हणून ठेवून देतोस आणि मला बरंच पुढचं बोलायचं आहे. म्हणून कागद घेतला.

ट्रॅक्टरला मागचं नवीन पातं घ्यायचं आहे. जुनं खडीवर घासून इतकं झिजलंय की रस्ता सारखा करण्याऐवजी नुसता कुरवाळतं. परवा अवजारांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार भलताच बोलघेवडा. त्याने दोन पाती दाखवली. एक आपल्या जुन्यासारखंच: खाली उतरायचं, पिन काढायची, पातं हवं तेवढं तिरकं फिरवायचं, पुढच्या भोकात पिन घालायची आणि ती निसटू नये म्हणून वर क्लिप लावायची. दुसरं सीटवर बसून लिव्हर ओढली की आपोआप फिरतं, जवळ कुणी जायला नको. तू असतास तर दोन्हींच्या वेल्डिंगवर टकटक करून नाक मुरडलं असतंस.

त्याने मला पिन काढून बघा म्हटलं. माझा हात पुढे जाईना. त्याला वाटलं, माणूस नवखा आहे. मग तो समजावू लागला, की साहेब, अख्ख्या अवजारात सगळ्यात लहान वस्तू ही क्लिप, पण ती नसेल तर ट्रॅक्टर चालूच करू नका. हादऱ्यांनी पिन वर येते आणि पातं मोकळं सुटतं. मी मान डोलावली.

बाबांची रीत आठवते ना? इकडचं काढून तिकडे लावायचं. पंपाचा नट खुर्चीला, खुर्चीचा स्क्रू दाराच्या कडीला. आपलं घर कायम एका नटाने कमी, असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. तू वैतागायचास. मी मात्र ती विद्या पुरेपूर उचलली.

त्या दिवशी तू सीटवर होतास, मी थोडा खाली खडी पसरत होतो, बाबा मागे दगडी कठड्यापाशी. पात्याला चिकटलेला चिखल काढून ते बाजूला झाले. तू पातं उचललंस आणि पुढच्या क्षणी बाबा पातं आणि कठडा यांच्यामध्ये होते. तिसऱ्या दिवशी ते गेले. लोक म्हणाले, उतारावर पोराचा ब्रेकवरचा पाय सुटला, ट्रॅक्टर मागे आला. तू म्हणालास, सुटला असेल. मला विचारलं तेव्हा मी खाली मान घातली, आणि लोकांना तेवढं पुरलं. आई तुझ्या ताटात वाढायची, पण तुझ्याकडे बघायची नाही. महिन्याभरात तू बॅग भरलीस. स्टँडवर मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, चुका सगळ्यांकडूनच होतात. तो हात अजून जळतो.

ट्रॅक्टर बोटभरही मागे आला नव्हता, धाकट्या. पातं फिरलं होतं. त्या सकाळी खडीची आपली ट्रॉली शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडताना तिच्या पिनेची क्लिप सापडेना. मी पात्याची काढून तिला लावली आणि पात्याच्या पिनेला तार गुंडाळली. संध्याकाळी बघू म्हटलं. तार तुटली, पिन निसटली. उचल म्हणून बाबांनीच तुला हात केला होता, ते मी पाहिलं. तुलाही आठवत असेल, पण सगळे एकच सांगायला लागल्यावर तुझा तुझ्यावरच विश्वास राहिला नसेल. तुम्ही बाबांना दवाखान्यात नेलंत आणि मी मागे राहिलो. चिखलातून पिन शोधली, पातं होतं तसं वळवलं, पिन घातली, ट्रॉलीची क्लिप काढून तिच्यावर लावली. चौकशीचे साहेब आले तेव्हा सगळं जिथल्या तिथे होतं. आधी घाबरून गप्प बसलो, मग गप्प बसल्याचीच भीती वाटायला लागली.

दुकानदाराने शेवटी विचारलं, कामाला माणसं किती? एकटे असाल तर सीटवरून फिरणारंच घ्या. माझ्या तोंडून सवयीने दोन निघून गेलं. मग तिथे उभं राहवेना. काही न घेता घरी आलो आणि काल आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळी जुडी निवडून झाल्यावर म्हणाली, त्याला लिही. उद्या सकाळी मी त्या साहेबांच्या कचेरीत जाऊन हेच सांगणार आहे, पण त्यांच्याआधी ते तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. माफ कर असं म्हणायची माझी हिंमत नाही. पाकिटावर घालायला तुझा पत्ता शोधत होतो, तर आईने माझ्या हातातून पेन घेतलं. पत्त्यांची वही उघडलीच नाही तिने. तुझा पत्ता तिला पाठ आहे.

तुझाच म्हणवून घ्यायला लाजणारा,
दादा